आत चालेल असं सीरम

मिठूने पिशवी उलटी केली आणि मावशीच्या जेवणाच्या टेबलावर बाटल्या घरंगळल्या. काचेच्या, प्लॅस्टिकच्या, ड्रॉपरवाल्या, पंपवाल्या. एक कडेवरून खाली जाणार होती, ती तिने कोपराने अडवली.

"यातलं कुठलं चालेल ते तू सांग. नाहीतर मी पार्लरवालीचं घेते," ती म्हणाली.

मावशीने आधी बाटल्यांकडे पाहिलं नाही, भाचीकडे पाहिलं. पाहण्यासारखं फारसं काही उघडं नव्हतंच. मिठू आता नातेवाइकांच्या घरातसुद्धा मास्क काढत नसे. कपाळ, भुवया आणि जागरणाने सुजलेले डोळे, एवढीच ती दिसायची. लहानपणी अखंड बडबडायची म्हणून सगळे तिला मिठू म्हणत. बडबड गेली, नाव राहिलं. कॉलेजच्या आधीच तिच्या गालांवर मुरुमं आली होती. ती काही वर्षं छळून निघून गेली आणि जाताना खड्डे ठेवून गेली. तेव्हापासून मिठू खोलीत बसून कुणाच्या तरी कंपनीची बिलं टाइप करायची, आणि बाहेर पडलीच तर मास्क लावून.

आणि आता तिला नोकरी लागली होती. बालवर्गाच्या शाळेत, गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची. मुलाखतीला सर्दीचं कारण सांगून मास्क लावूनच बसली होती. आवाजावर तिची निवड झाली. मग मुख्याध्यापिकांचा फोन आला. त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या की रुजू झाल्यावर वर्गात मास्क चालणार नाही, एवढी लहान मुलं शिक्षिकेच्या तोंडाकडे बघून बोलायला शिकतात. मिठूने 'हो बाई' म्हटलं, फोन ठेवला आणि त्याच दिवशी सुयांचा रोलर मागवला.

रोलर म्हणजे दाढीच्या वस्तऱ्यासारखी मूठ आणि तिच्या टोकाला बारीक सुयांनी भरलेलं चाक. ते चेहऱ्यावरून फिरवायचं. त्वचेला असंख्य सूक्ष्म भोकं पडतात, ती बुजवताना त्वचा नव्याने भरून येते, असं त्यामागचं म्हणणं. आणि वर लावलेलं सीरम त्या भोकांतून आत जातं. मिठूला हे सगळं पाठ होतं. आत काय घालावं, एवढंच तिला कळत नव्हतं.

मावशीने जे म्हणायला हवं ते म्हणून पाहिलं. हे घरी करू नकोस, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मिठू जाऊन आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दवाखान्यात, महिन्याच्या अंतराने, बऱ्याच वेळा करावं लागेल आणि खड्डे थोडे उथळ होतील, जाणार नाहीत.

"तोवर माझ्या वर्गातली मुलं शिकून मोठी होतील आणि त्यांना मुलं होतील," मिठू म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, मी नाही गेले ना या वेळी, तर मी परत कुठेच जाणार नाही. मला माहितीये."

ती हे रडून बोलली असती तर मावशीला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. पण तिने ते हवामानाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

मिठूने पार्लरवालीच्या सीरमचा नमुना आणला होता. सोनेरी झाकण, सोनेरी अक्षरं, आत नारिंगी पाणी. मावशीने झाकण उघडलं आणि गुलाबाचा वास खोलीभर झाला. "नाव सोनूबाई," ती पुटपुटली आणि झाकण लावून बाटली दूर सरकवली. इमारतीतल्या निम्म्या बायका ते लावतात आणि कुणाला काही झालेलं नाही, असं मिठूने ऐकवलं.

"लावतात ना, वरून लावतात. तू भिंतीला भोकं पाडून आत ओतणार आहेस."

मावशी डोळ्यांचे थेंब बनवणाऱ्या कारखान्यात होती. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं. थेंब जिथे बाटल्यांत भरले जातात त्या बंद खोलीत जंतू शिरू नयेत, हे पाहणं तिचं काम. त्या खोलीत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा वेष, टोपी, मास्क, हातमोजे. पावडर नाही, अत्तर नाही, नखांना रंग नाही. हालचाल सावकाश, कारण झपाझप चाललं की कपड्यांतून कण उडतात. हसायचंसुद्धा जपून. मावशी या नियमांबाबत इतकी कडक होती की कामावर तिला सोवळीबाई म्हणत. नव्या मुलीला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगे, तिच्या सावलीला शिवायचं तर सावलीला आधी स्पिरिट लाव. सोवळीबाई हे ऐकून मास्कच्या आत हसायची. माणसं ओळखायला तिला डोळे आणि चाल पुरत असत. खरं तर काही सहकाऱ्यांचे पूर्ण चेहरे तिला जेवणाच्या सुट्टीतच दिसत आणि ते दर वेळी जरा अनोळखी वाटत.

तर ती भिंग घेऊन बसली. एकेका बाटलीमागची बारीक अक्षरं वाचायची आणि प्रत्येक घटकाला एकच प्रश्न विचारायचा, ही तिची पद्धत: हे मी डोळ्यात घालेन का? सुगंध, नाही. फुलांचं तेल, नाही. फळांपासून काढलेलं आम्ल, अजिबात नाही. व्हिटॅमिन सीची बाटली तिने थोडा वेळ हातात धरली, कारण मिठूची सगळी भिस्त तिच्यावर होती. मग तीही बाजूला ठेवली. ते आम्ल वरच्या थराला सोसतं, पण सुईच्या भोकातून आत गेलं तर शरीर त्याला परकं समजून भोवती गाठी धरू शकतं, आणि त्या गाठी महिनोन्महिने राहतात, हे तिने वाचलं होतं. रेटिनॉल, नाही. वनस्पतींचे अर्क, कुठून आले ते कोण सांगणार. चमकीचे कण पाहून तर तिला हसूच आलं.

"तू तर सगळंच बाद केलंस," मिठू म्हणाली. "भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली."

शेवटी एकच बाटली उरली. पाणी, हायल्युरॉनिक आम्ल आणि द्रव्य टिकावं म्हणून एक संरक्षक. हे आम्ल नावालाच आम्ल. आपल्याच त्वचेत असतं, पाणी धरून ठेवतं, आणि त्याचेच थेंब मावशीच्या कारखान्यात कोरड्या डोळ्यांसाठी भरले जात. संरक्षकापाशी ती अडली. बाटली एकदा उघडली की ती रोज हाताळली जाणार, म्हणून संरक्षक हवा. आणि भोकांतून आत जाणार, म्हणून तो नको. शेवटी तिने दुसरा रस्ता काढला. एकेकदाच वापरायच्या काचेच्या कुप्या मिळतात: निर्जंतुक, आत फक्त क्षाराचं पाणी आणि तेच आम्ल, मान मोडायची आणि उरलेलं फेकून द्यायचं. तशा कुप्या तिने दोन वेगवेगळ्या बनावटीच्या आणल्या. मिठूने मागवलेला लांब सुयांचा रोलर केराच्या टोपलीत गेला आणि आखूड सुयांचा आला.

एक गोष्ट तिने तेव्हाच स्पष्ट सांगितली. आखूड सुया खड्ड्यांच्या तळापर्यंत पोचत नाहीत. त्वचा थोडी तुकतुकीत दिसेल. खड्डे जिथे आहेत तिथेच राहतील.

"चालेल."

"मिठू, मी काय म्हणाले ते कळलं ना?"

"कळलं गं. तुकतुकीत तर तुकतुकीत. पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात उभं राहायला मला काहीतरी केलंय असं वाटायला हवं, बस."

पुढचे दोन रविवार मावशीने वाया घालवले. म्हणजे मिठूच्या हिशेबाने. पहिल्या रविवारी एका कुपीतला थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला लावला तर तिथे लाली आली. ती बनावट बाद, आणि दुसरीची चाचणी संपेपर्यंत थांबायचं. त्याच्या पुढच्या रविवारी हनुवटीवर पिकलेली पुटकुळी होती. तिच्यावरून सुया फिरल्या तर पू सगळीकडे पसरेल, म्हणून पुन्हा नाही.  मिठू पिशवी उचलून गेली. ताईला, म्हणजे तिच्या आईला, वाटत होतं की लेक रविवारी मावशीकडे जेवायला जाते. ताईचं या विषयावरचं मत घरात सगळ्यांना ठाऊक होतं: चेहरा म्हणजे काय पातेलं आहे का, घासून चकचकीत करायला? तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी, रुजू व्हायला आठवडा उरला असताना, मिठू आली तेव्हा मावशीने टेबल पुसून ठेवलं होतं. खिडकी बंद, पंखा बंद. रोलर स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेला. मिठूने कोपरापर्यंत हात धुतले, नखांत ब्रश फिरवला. खुर्चीवर बसल्यावर तिने मास्क काढला नाही. वरून आणि खालून दुमडून त्याची पट्टी केली आणि ती फक्त ओठांवर ठेवली. दोन्ही गाल उघडे झाले.

"राहू दे ना हा," ती म्हणाली. "तोंडातलं काही जखमेवर उडायला नको."

मावशीला ते आवडलं. बंद खोलीत निम्मा त्रास माणसांच्या तोंडामुळे होतो, हे ती नव्या मुलींना सांगून थकली होती. "शहाणी आहेस," ती म्हणाली. आणि पट्टी होती तशी राहिली.

मग तिने गाल तपासले. दिव्याखाली, भिंगातून, थोडा थोडा भाग करत. पुटकुळी नाही, खरचटलेलं नाही, लाली नाही. रोलर उभा फिरवला, मग आडवा. मिठूने डोळे मिटले होते. पट्टी अधूनमधून घसरायची, मिठू ती बोटांनी वर ओढायची, आणि मावशीने सांगितलं की त्याच बोटांनी गालाची कातडी ताणून धरायची. कुपीची मान मोडली. थेंब पसरताना मावशीला आपल्या हातांचा अभिमान वाटला. एकही अनावश्यक हालचाल नव्हती.

दोन दिवस मिठूचे आवाजी निरोप येत राहिले. गाल गरम आहेत. गाल थंड झाले. गाल मऊ लागतायत, मावशी, खरंच. आजी पुऱ्या लाटायची तसे मऊ. खूप वर्षांनी ती इतकं बोलत होती. एकात तिने वर्गात म्हणायचं गाणं म्हणून दाखवलं, कावळ्याचं, आणि मध्येच हसली.

गुरुवारी कारखान्यातली पाळी संपवून मावशीने कपाटातून फोन काढला तेव्हा एकच ओळ होती: ये.

ताई कामावरून यायची होती. मिठू खोलीत पलंगावर बसली होती, अंगात ताप, मास्क लावलेला, डोळे लाल. मावशीने दिवा लावला आणि मिठूने मास्क गालांवरून खाली केला.

पाण्याने भरलेले बारीक फोड. सगळे एका आकाराचे, मध्ये किंचित दबलेले. आणि ते रांगांत होते. उभ्या रांगा, आडव्या रांगा, जिथून जिथून चाक फिरलं होतं तिथून तिथून. उजव्या गालावरची एक रांग वर जात खालच्या पापणीपाशी थांबली होती.

"आग होतेय," मिठू म्हणाली. "तू आत घातलंस त्यात काय होतं?"

 मावशीच्या पर्समध्ये त्याच खोक्यातली उरलेली कुपी होती. ती घेऊन ती न्हाणीघरात गेली आणि कडी लावली. कुपी दिव्यासमोर धरली, आधी मागे पांढरी फरशी घेऊन, मग काळी पर्स घेऊन, कामावर धरायची तशी, कणही दिसला तर दिसावा म्हणून. काही नव्हतं. पाणी स्वच्छ होतं. तरी तिचे हात थांबेनात. तिने मान मोडली, डोकं मागे टाकलं आणि सगळं पाणी स्वतःच्या उजव्या डोळ्यात ओतलं. डोळा मिटून ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि झोंबायची वाट पाहू लागली. झोंबावं असं तिला वाटत होतं. झोंबलं तर कारण सापडलं असतं.

झोंबलं नाही. गार वाटलं फक्त, आणि पाणी गालावरून ओघळून गळ्यापर्यंत आलं.

ती बाहेर आली आणि म्हणाली, "मास्क पूर्ण काढ."

"कशाला?"

"काढ."

मिठूने काढला. ओठाच्या डाव्या कोपऱ्यात पिवळट खपली होती, ताप येऊन गेल्यावर उठणारे फोड सुकले की धरते तशी. कडेला सुकत आली होती, मध्ये अजून ओली.

"हे कधीचं?"

मिठूने काढलेला मास्क मुठीत चुरगळला.

"रविवारी होतं?"

"शनिवारी उठलं. दर वर्षी एकदा येतंच मला." मग ती भराभर बोलू लागली. "तू परत पुढे ढकललं असतंस. मनगट लाल झालं म्हणून थांबलीस, पुटकुळी आली म्हणून थांबलीस. ओठ तर गालापासून लांब आहे. मला वाटलं, तिथे कुठे आपण काही करणार आहोत? आणि तूच म्हणालीस ना, शहाणी आहेस म्हणून."

ते खरं होतं. दुसऱ्या कुणी, चेहरे बघायची सवय असलेल्या कुणी, गालांना सुया लावण्याआधी तोंड उघडं कर असं सांगितलं असतं. मावशीला झाकलेल्या तोंडांची सवय होती. झाकलेलं तोंड म्हणजे स्वच्छ तोंड, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की पाण्याच्या थेंबाथेंबाची चौकशी करून झाल्यावर तिने त्या पट्टीबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

त्वचेच्या डॉक्टरांनी लांबूनच पाहून खुर्ची जवळ ओढली. ओठावरच्या फोडांतला विषाणू बोटांवर आला, बोटांवरून गालावर, आणि पुढचं काम सुयांनी केलं. "पेरणी केल्यासारखं," त्या म्हणाल्या. गोळ्या आजच सुरू करायच्या. पण त्यांची बोटं पुनःपुन्हा पापणीपाशी जात होती. हा विषाणू बुबुळावर गेला तर तिथे जखम करतो, आणि जखमेचा डाग राहिला तर तो नजरेच्या आड येतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आत्ताच जा, घरी न जाता.

उठताना मावशीने तोंडातून निघू नये असं वाटणारा प्रश्न विचारलाच. वापरलं ते द्रव्य?

डॉक्टरांनी रिकामी कुपी उलटसुलट केली. "हे उत्तम आहे. याहून चांगलं तुम्हाला मिळालं नसतं."

कुणी तोंडात मारली असती तर मावशीला बरं वाटलं असतं.

मावशीने फोन केल्यावर ताई डोळ्यांच्या दवाखान्यात थेट कामावरून आली, खांद्याला पर्स, हातात अर्धवट मिटलेली छत्री. मिठू आत होती. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात पिवळा रंग घातला होता आणि निळा दिवा लावला होता. जखम असेल तर ती हिरवी चमकते. दाराच्या फटीतून तो निळा उजेड बाहेर फरशीवर पडला होता. मावशीने बाकावर बसून सगळं सांगितलं. पुढे-मागे न करता, घडलं त्या क्रमाने, ती कामावर अहवाल द्यायची तसं. ताईने मध्ये एकदाही तोडलं नाही. तोडलं असतं तर मावशीला सोपं गेलं असतं.

सांगून झाल्यावर ताईने फरशीवरच्या निळ्या उजेडाकडे पाहिलं.

"माय मरो, मावशी जगो म्हणतात," ती म्हणाली. "मी कुठे मेले होते गं? मला एकदा विचारायचं. मी तिला लहानपणापासून बघतेय, तिला दर उन्हाळ्यात ओठावर उठतं. मी सांगितलं असतं."

मावशीला हे ठाऊक नव्हतं. मिठूच्या त्वचेबद्दल तिला सगळं ठाऊक होतं, हे सोडून.

"तिने पार्लरवालीकडे केलं असतं, ताई. मी नाही म्हटलं असतं तर."

"मग तिथे झालं असतं. मी त्या बाईच्या दारात जाऊन भांडले असते." ताईने छत्रीचा बंद लावायचा प्रयत्न केला, तो लागेना. "आता तुझ्याशी काय भांडू?"

दार उघडलं. बुबुळ सध्या स्वच्छ होतं. सध्या, हा शब्द डॉक्टरांनी दोनदा वापरला. रोज येऊन दाखवायचं, डोळ्याला हात लावायचा नाही, उशीची खोळ रोज बदलायची, आणि गालांवरच्या खपल्या पडेपर्यंत लहान मुलांजवळ जायचं नाही.

लहान मुलं म्हटल्यावर मिठू हसली. मावशीला आणि ताईला ते हसू बघवलं नाही.

सोमवार असाच गेला. ताईने शाळेत फोन करून ताप आहे एवढं सांगितलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या की वर्ग फार दिवस रिकामा ठेवता येणार नाही, दुसऱ्या एका मुलीचा अर्ज आलेला आहे, काय ते मिठूनेच स्वतः कळवावं. मावशीने कामावरून रजा घेतली आणि रोज सकाळी भाचीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन आणू लागली. ताई दारात उभी राहून दोघींना जाताना बघायची. बोलायची ती मिठूशी. मावशीशी ती फक्त कामापुरतं बोले: गोळी दिलीस का, खोळ वेगळी भिजव.

फोड सुकले, खपल्या धरल्या, खपल्या पडल्या. डोळा वाचला. डॉक्टरांनी शेवटच्या तपासणीत तो 'सध्या' शब्द काढून टाकला आणि तेव्हा कुठे मावशी बाकावर टेकली. पण गालांवर तांबड्या रांगा राहिल्या, आखल्यासारख्या सरळ. त्या काही महिन्यांनी फिक्या होतील, काही कदाचित होणार नाहीत. जुने खड्डे होतेच.

त्या दुपारी मिठू खिडकीशी बसली होती, आरसा हातात घेऊन. मावशी खोळी घडी करत होती.

"हे पूर्ण भरलं की परत करायचं का आपण?" मिठूने विचारलं. "ओठ बघून. या वेळी सगळं बघून. द्रव्य तर चांगलंच होतं ना, डॉक्टर म्हणाल्या."

मावशीच्या हातातली खोळ तशीच राहिली. तिला वाटलं होतं की मिठू तिला दोष देईल, किंवा कधीच काही विचारणार नाही. हे तिच्या मनात आलं नव्हतं.

"नाही."

"का? भीती वाटते?"

"वाटते. पण ते कारण नाही. मी तुला आत घालून चालेल असं शोधत होते, म्हणजे अपाय करणार नाही असं. ते सापडलं. तुला हवंय ते कुठल्याच कुपीत नाहीये, मिठू. तेव्हाही नव्हतं. मला माहीत होतं."

"मग का केलंस?"

"तुला नाही म्हणवलं नाही."

मिठूने आरसा पालथा ठेवला. ती चिडली असावी. तिच्या नाकपुड्या हलत होत्या. मावशीला जाणवलं की हा चेहरा तिने इतकी वर्षं त्वचा म्हणून पाहिला आहे, भागाभागांनी. तो पूर्ण असताना काय म्हणतो ते तिला वाचता येत नाही.

 मग मिठूने फोन उचलला आणि शाळेचा नंबर लावला. मावशी उठून बाहेर जाऊ लागली तर तिने हाताने थांब अशी खूण केली.

"बाई, मी बोलतेय," ती म्हणाली. "ताप गेला.  पण एक सांगायचंय. मुलाखतीच्या वेळी मला सर्दी नव्हती." ती थांबली. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "माझा चेहरा खराब आहे. खड्डे आहेत, ते आधीचे. आणि आता तांबड्या रेघा आहेत, गालांवर, दोन्ही. कसल्या ते मी सांगेन, पण ते संसर्गाचं आता संपलंय, डॉक्टरांची चिठ्ठी आहे. तुम्ही म्हणालात मुलं तोंडाकडे बघतात. तर ती हे बघतील. घाबरतील का, ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल. म्हणून विचारते."

पलीकडचा आवाज मावशीला ऐकू येत होता, शब्द नाहीत. तो आवाज फार वेळ बोलत राहिला, की तसं वाटलं. मिठू 'हो' म्हणाली, मग 'नाही, दुखत नाही' म्हणाली, मग पुन्हा 'हो'. तिचा मोकळा हात गालापर्यंत गेला आणि हात लावायचा नाही हे आठवून हवेतच राहिला.

तिने फोन ठेवला.

"उद्या ये म्हणाल्या. मुलं घरी गेल्यावर. आधी त्या बघणार आहेत."

"आणि मग?"

"ते नाही सांगितलं." मिठू उठली आणि पलंगावर आडवी झाली, भिंतीकडे पाठ करून, तोंड खोलीकडे. "तू येशील का गेटपर्यंत? आईला नको, ती बाईंशी भांडेल."

मावशी म्हणाली, येईन.

"आणि तिथे माझ्याकडे बघत बसू नकोस," मिठू म्हणाली.  "दुसरीकडे कुठेतरी बघ."

मावशीने खोळी कपाटात ठेवल्या. पलंगापाशी खुर्ची ओढून बसली, आणि मिठू झोपेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.